दोनशे पावलांवरचा बार

चंद्रशेखर वैशंपायन यांनी उभ्या आयुष्यात हातात धरलेली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे इंजेक्शनची सिरिंज. नॉटिंगहॅमच्या इस्पितळात चौतीस वर्षं त्यांनी माणसांना भूल दिली आणि एकालाही कायमचं झोपवलं नाही, एवढी एकच बढाई ते अधूनमधून मारत. तेच चंद्रशेखर वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या शनिवारी, शहराबाहेरच्या शेताच्या कोपऱ्यात पिस्तूल घेऊन उभे होते. पायातले रबरी वेलिंग्टन बूट शेजाऱ्याकडून मागून आणलेले, एक नंबर मोठे, आणि त्यात घोट्यापर्यंत चिखल.

पिस्तूल तसं निरुपद्रवी होतं. शाळेच्या शर्यतीत वाजवतात ना, त्यातलं. गोळी नाही, नुसता आवाज. पण इथे सगळा प्रश्न आवाजाचाच होता.

दोनशे पावलांवर, शेताच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी रश्मी उभी होती. तिच्या डाव्या पायाशी, पट्ट्याने बांधलेली, मिरी बसली होती. मिरी म्हणजे नऊ महिन्यांची काळीभोर लॅब्राडोर. मोकळ्या रानात हाक मारायला दोन अक्षरी नाव बरं असतं म्हणे, म्हणून रश्मीने स्वयंपाकघरातल्या डब्यातलंच एक उचललं. त्या दोघींच्या शेजारी गिल थॉर्प, कुत्र्यांना शिकवणारी बाई. साठीची, काटक, बोलायला कंजूष. खूण सकाळीच ठरली होती. गिलने डोक्यावरची टोपी काढून वर धरली की चंद्रशेखरांनी एक बार काढायचा.

टोपी वर गेली. चंद्रशेखरांनी चाप ओढला नाही.

आता हे सगळं मुळात कशासाठी, ते सांगायला हवं. रश्मी एक्स-रे विभागात काम करते. चव्वेचाळीस वर्षांची, जन्म इथलाच, एकटी राहते. लॉकडाऊनमध्ये दिवसरात्र इस्पितळात घालवल्यावर तिला शेताशिवारातून मैलोन्मैल चालण्याचा नाद लागला, आणि एका हिवाळ्यात ती गिलला भेटली. इकडे हिवाळ्यात फेझंट नावाच्या रानकोंबड्यांची शिकार चालते. बंदूकवाले पुढे असतात, आणि त्यांच्या मागे काही माणसं कुत्री घेऊन उभी राहतात. पडलेला पक्षी शोधून, दातही न लागू देता, मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे त्या कुत्र्यांचं काम. रश्मीला बंदुकीत काडीचा रस नव्हता. कुत्रा लांबवर पळत जातो, काट्याकुट्यांत शिरतो आणि नेमकी वस्तू घेऊन आपल्याकडेच परत येतो, हे पाहून ती खुळावली. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या आईने, शैलाताईंनी, कपाळावर हात मारून घेतला. पाच पिढ्यांत अंडं न शिवलेलं घर आणि मुलगी मेलेले कोंबडे गोळा करणार!

रश्मी ऐकणार थोडीच. दोन वर्षं ती गिलच्या पिल्लांसाठी थांबली. गिलने पिल्लू द्यायचं कबूल करतानाच अट घातली होती. कामाची निघाली तर तुझी. बंदुकीला बुजली तर परत माझ्याकडे, मी तिला एखादं शांत घर बघून देईन. रश्मीच्या फ्लॅटमध्ये एकाच कुत्र्याला परवानगी होती आणि तिला कामाचाच कुत्रा हवा होता, म्हणून तिनेही होकार दिला. अर्थात तेव्हा तिने मिरीला अजून पाहिलं नव्हतं.

रश्मीची ड्यूटी बारा-बारा तासांची. त्या दिवशी मिरी आजोबांकडे. "मी कुणाचा आजोबा नाही," असं पहिल्या आठवड्यात ठणकावून सांगणारे चंद्रशेखर दुसऱ्या आठवड्यात तिला स्वतःच्या ताटातलं थालीपीठ भरवत होते. सकाळी सव्वासहाला दारात गाडी थांबली की बायकोच्या आधी तेच उठत. "बस" म्हटल्यावर बसायचं, दाराबाहेर आधी माणसाने पडायचं, शिट्टीचे तीन छोटे आवाज म्हणजे परत यायचं, हे गिलने नेमून दिलेले धडे त्यांनी मिरीकडून इतक्या निगुतीने गिरवून घेतले की रश्मीही चकित झाली. निवृत्तीनंतर आठ वर्षांत त्यांचं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

आणि मग दिवाळी आली.

नरकचतुर्दशीला रश्मीचा लाँग डे, म्हणजे बारा तासांची ड्यूटी होती, त्यामुळे मिरी पहाटेच वैशंपायनांकडे दाखल झाली. शैलाताईंनी रांगोळी घातली, तेल-उटणं काढलं. इथे कारीट मिळत नाही, म्हणून गेली चाळीस वर्षं हे नवरा-बायको न्हाणीघराच्या दारात डाव्या अंगठ्याखाली ब्रसेल्स स्प्राउट नावाची चिमुकली कोबी चिरडतात. चंद्रशेखर त्या दिवशी भलतेच खुशीत होते. त्यांनी मिरीच्याही कपाळाला तेलाचं बोट लावलं, शैलाताईंनी तिला ओवाळलंसुद्धा. तिथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

पण पहिल्या आंघोळीनंतर एक तरी फटाका वाजलाच पाहिजे, हा त्यांचा लहानपणापासूनचा हट्ट. सुपरमार्केटातून पंचवीस बारांचं एक खोकं आणून ठेवलेलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की पाळीव जनावरांना घरात ठेवावं. जन्मभर औषधांच्या बाटल्यांवरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसाने तेही वाचलं. वाचून वर म्हणाले, "अगं, ही बंदुकीची कुत्री. हिला आत्तापासून सवय झालेली बरी." आठ वाजता त्यांनी मिरीचा पट्टा अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधला आणि वात पेटवली.

तिसऱ्या बाराला मिरी उधळली. मागे खुर्ची. ती पळेल तशी खुर्ची फरशीवर आपटत तिच्या मागे, आणि वर आकाशात बार चालूच. अवजारांच्या लाकडी शेडखाली अर्ध्या हाताची फट होती, तीत मिरी घुसली, खुर्ची बाहेर अडकली. पुढचे दोन तास मिरी तिथून हलली नाही. शेवटी शैलाताई नव्या साडीत चिखलात पालथ्या झोपल्या आणि चकलीचा तुकडा पुढे करकरून त्यांनी तिला बाहेर काढलं. पिल्लू पानासारखं थरथरत होतं.

"तुम्ही सांगा हं रश्मीला," शैलाताई साडी झटकत म्हणाल्या. "मी नाही सांगणार."

"सांगतो," चंद्रशेखर म्हणाले.

हे 'सांगतो' साडेतीन महिने चाललं. संध्याकाळी रश्मी दमून आली तेव्हा सांगवेना. दुसऱ्या दिवशी मिरी ठीक दिसली. नोव्हेंबरच्या पाच तारखेला, बॉनफायर नाइटला, सगळं नॉटिंगहॅम फटाक्यांनी दणाणत असताना रश्मी मिरीला घेऊन आईवडिलांकडेच आली होती. पळून जाऊ नये म्हणून तिने पट्टा हातात घट्ट धरला होता, आणि मिरी सोफ्यामागे तोंड खुपसून लटपटत होती. रश्मीचा चेहरा उतरला. "बाबा, हे नॉर्मल आहे का?" असं तिने विचारलं आणि चंद्रशेखर म्हणाले, "सगळ्याच कुत्र्यांना होतं." बोलून झाल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हे तेच चंद्रशेखर, ज्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला बजावलं होतं की चूक सगळ्यांच्याच हातून होते, लपवतो तो नालायक. या वाक्याचा त्यांना हिवाळाभर फार त्रास झाला.

तर टोपी वर गेली, आणि ते नुसते उभे राहिले. टोपी खाली आली. पुन्हा वर गेली. त्यांचं बोट चापावर होतं आणि डोळ्यांसमोर शेडखालची फट. खिशात फोन वाजला.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड? फायर करा ना."

"अडकलंय," चंद्रशेखर म्हणाले. थाप मारायची वेळ आली की या माणसाला एका शब्दापलीकडे काही सुचत नाही.

मग गिल निघाली. दोनशे पावलं ती शांतपणे चालत आली, तिने पिस्तूल घेतलं, उघडून पाहिलं, मिटलं, आणि वाजतंय का ते बघायला नळी जमिनीकडे केली. चंद्रशेखरांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"वाजवू नका! ती ऐकेल!"

गिलने मनगटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ऐकावं म्हणूनच तर आपण आलोय, डॉक्टर."

"तिने आधी ऐकलंय," चंद्रशेखर म्हणाले, आणि मग सगळं बाहेर पडलं. दिवाळी, खोकं, खुर्ची, शेड, सोफा. एकदा सुरू केल्यावर त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. गिल ऐकत राहिली. कुंपणातल्या एका चिमणीएवढ्या पक्ष्याने तेवढ्यात तीनदा जागा बदलली.

"हे तुम्ही बार निघायच्या आधी सांगितलंत," शेवटी ती म्हणाली. "नंतर सांगितलं असतंत तर तुम्हाला पुन्हा या शेतात पाऊल टाकू दिलं नसतं. घाबरलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा घाबरवलं की संपलं. मग कुणी काही करू शकत नाही." तिने पिस्तूल कोटाच्या खिशात टाकलं. "मुलीला तुम्ही सांगा. ते माझं काम नाही."

दोनशे पावलं परत जाताना त्या मोठ्या बुटांनी चंद्रशेखरांचा जीव काढला. मिरी मात्र त्यांना बघून शेपटीने सगळं अंग हलवत होती.

रश्मीपुढे त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बॉनफायर नाइटला तुम्ही माझ्या शेजारी बसला होता."

"हो."

"फटाक्याचं जाऊ दे, बाबा. अ‍ॅक्सिडेंट होतात. पण मी तीन महिने विचार करते की माझं काय चुकलं. मी व्हॅक्यूम बंद केला. मी दरवाजा हळू लावते. मला वाटलं, मी तिला जास्त वेळ एकटा ठेवते म्हणून असं झाला." चिडली की रश्मीच्या मराठीतली लिंगं एकमेकांच्या अंगावर पडतात. एरवी चंद्रशेखर हटकून दुरुस्ती करतात. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली.

परत येऊन वडिलांना दारात सोडताना रश्मी स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "मंडेपासून मी तिला डे-केअरला ठेवते. तुम्ही सकाळी उठू नका." आणि ती गेली.

खरंच मिरी यायची थांबली. चंद्रशेखरांना तरीही सव्वासहाला जाग येई. ते खिडकीशी उभे राहत, कचऱ्याची गाडी येऊन जाई, मग ते चहा टाकत आणि दोन कपांऐवजी, मिरीचा धरून, तीन कप दूध ओतत. मिरीचं पाण्याचं भांडं शैलाताईंनी धुऊन उचलून ठेवलं, तर त्यांनी ते पुन्हा काढून जागेवर ठेवलं. रश्मी रोज फोन करायची, पण आईला. "कशी आहे?" असं ते दुरून खुणेने विचारत, आणि शैलाताई फोनवर हात ठेवून "बरी आहे" म्हणत. कोण बरी आहे हे त्या सांगत नसत. साधं सांगायचं तर चंद्रशेखरांना घर खायला उठलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी टेबलाशी बसून कागद पुढे ओढला. इस्पितळात काही विपरीत घडलं की एक अहवाल लिहावा लागे. कुणाला दोष द्यायचा नाही, सबब सांगायची नाही. काय, कधी, किती, आणि त्यानंतर रोग्याचं काय झालं, एवढंच. तसा त्यांनी मिरीचा अहवाल लिहिला. तारीख, वेळ, बारांची संख्या, खोक्यापासूनचं अंतर. पहिल्या दोन बारांना पिल्लाने मान वर करून पाहिलं, तिसऱ्याला उडी मारली, पट्टा ताणला, खुर्ची पडली, मग पळालं. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत चकली खाल्ली. दुपारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, लक्ष दिलं नाही. बॉनफायर नाइटला पट्ट्यावर, थरथर चाळीस मिनिटं. एकतीस डिसेंबरला मात्र स्वयंपाकघरात मोकळी होती. बाहेर आतषबाजी चालू असताना एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा फ्रिजखालचा वाटाणा काढण्याच्या उद्योगाला लागली. 'हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं,' एवढं शेवटचं वाक्य त्यांनी नियमाबाहेर जाऊन लिहिलं, आणि कागद गिलच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवला.

आठवड्याने गिलचा फोन आला. थेट त्यांना.

"डॉक्टर, तुमचा कागद तीनदा वाचला," ती म्हणाली. "मला वाटतं कुत्री बाराला बुजलेली नाही. बांधलेली असताना बार झाला की बुजते. पळता येत नाही आणि मागे काहीतरी लागतं, याची तिला धास्ती. मोकळी होती तेव्हा तिने वाटाणा सोडला नाही."

चंद्रशेखर खुर्चीत बसले. "म्हणजे?"

"म्हणजे त्या शनिवारी आपण तिला पट्ट्याने बांधून बार काढणार होतो. तुम्ही चाप ओढला असतात तर आज ती माझ्याकडे असती, आणि मी तिच्यासाठी घर शोधत असते. पक्कं नाही. खात्री एकाच प्रकारे होते, बार काढून. पण आधी पाच आठवडे काम."

ते काम रश्मीने केलं. जेवणाच्या वेळी मिरीला मोकळं सोडून, दोन खोल्या पलीकडून ताटलीवर चमचा. चार दिवसांनी एक खोली अलीकडून. मग बाहेर, पळत असताना, लांबून लाकडाच्या दोन फळ्यांचा फटका. मिरीने नुसती मान वळवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे जायचं. शैलाताईंच्या तोंडून हे ऐकताना चंद्रशेखर मान डोलवत. थोडं द्यायचं, बघायचं, मग किंचित वाढवायचं. भूल देणाऱ्याला हे कुणी समजावायची गरज नव्हती. दिवाळीच्या दिवशी मात्र त्यांनी पंचवीस डोस एकदम दिले होते.

मार्चअखेर रश्मीचा फोन आला. शैलाताईंनी तो नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"बाबा, सॅटर्डेला या. टेस्ट आहे."

"मी? पिस्तुलाला दुसरं कुणी नाही का?"

"गिलचा हजबंड आहे. पण ती म्हणाली, तुम्हीच हवेत. म्हणाली, मला असा माणूस पाहिजे की डाउट आला तर तो ट्रिगर ओढणार नाही. असा एकच मला माहीत आहे."

चंद्रशेखरांनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं, तेही दोनदा.

शनिवारी ऊन पडलं होतं. शेजारच्या कुरणात कोकरं बागडत होती. चंद्रशेखर पुन्हा त्याच कुंपणाशी, या वेळी स्वतःच्या मापाचे बूट घालून. गिलने बजावलं होतं, मिरी डमीच्या मागे सुटली, पूर्ण वेगात आली, की टोपी वर. त्याआधी नाही. डमी म्हणजे भुसा भरलेली कापडी वळकटी. शिकाऊ कुत्र्यांचा पक्षी तोच. आणि काही बिनसलं तर गिल टोपी छातीशी धरणार होती. मग पिस्तूल खाली ठेवायचं आणि घरी जायचं. मिरी त्याच दुपारी गिलकडे राहील, हे कुणी बोललं नाही, पण रश्मीच्या गाडीत मिरीचं अंथरूण, भांडं आणि खेळणी पिशवीत भरून ठेवलेली चंद्रशेखरांना दिसली होती.

रश्मीने पट्टा सोडला. डमी लांब जाऊन गवतात पडली. मिरी जागची हलली नाही, मान ताणून बघत राहिली. रश्मीने एकदाच नाव घेतलं. "मिरी!" आणि काळी रेघ हिरव्यावरून निघाली.

टोपी वर गेली.

या वेळी त्यांच्या बोटाला शंका आली नाही. त्यांनी चाप ओढला, बार निघाला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षं एकाही रोग्यावरून ज्यांनी नजर हलवली नव्हती, ते गृहस्थ डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होते.

उघडले तेव्हा टोपी हलत होती. वर, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गिल थॉर्पसारख्या बाईच्या हिशेबाने हा धुडगूसच. आणि त्या टोपीखाली मिरी, तोंडात डमी, मान उंच, रश्मीकडे दुडक्या चालीने निघालेली. बाराच्या क्षणी ती पाऊलभर अडखळली, कुंपणाकडे तिने एकदा पाहिलं आणि पुढे निघून गेली, हे त्यांना नंतर कळलं.

वीस पावलं पुढे येऊन दुसरा बार. पुन्हा वीस पावलं, तिसरा. तिसऱ्याला तर मिरी अडखळलीही नाही. उलट बार ऐकून तिने आकाशाकडे पाहिलं, आता काय पडतंय या आशेने. असं करत शंभराच्या आसपास पोचल्यावर गिलने हात आडवा केला. "बास. छान चाललंय तोवरच थांबायचं."

चंद्रशेखरांचा जीव भांड्यात पडला, आणि ते ओल्या गवतात बसकण मारून रडले. कुणी बघतंय का याची त्यांनी फिकीर केली नाही. तेवढ्यात धापा ऐकू आल्या. मिरीला ते दिसले होते. सात आठवड्यांनी. ती थेट त्यांच्यावर येऊन आदळणार, तोच थबकली, कारण त्यांच्या हाताला बंदुकीच्या दारूचा वास होता. तिने नाक पुढे केलं. त्यांनी श्वास रोखला. मिरीने तळहात हुंगला, मनगट हुंगलं, मग आपलं ओलं डोकं त्या हाताखाली घुसवलं आणि सगळं वजन टाकून त्यांना मागे लोटलं.

रश्मी चालत येऊन उभी राहिली. तिचेही डोळे लाल होते. खाली बसलेल्या बापाला तिने हात दिला आणि उठवलं.

"मंडेला माझा लाँग डे आहे," ती म्हणाली. "सव्वासहाला सोडू का तिला?"

"सोड की," चंद्रशेखर म्हणाले. "रश्मी, त्या वेळी मी…"

"आय नो, बाबा." तिने त्यांच्या कोटाला लागलेलं गवत झटकलं. "गिलने मला तुमचा कागद वाचायला दिला. वाटाण्याचा पार्ट मी दोनदा वाचला."

गाडीतली ती भरलेली पिशवी त्यांनीच मांडीवर घेतली, आणि घरी पोचेपर्यंत तिच्यातली खेळणी मिरीने एकेक करून बाहेर काढली.

सोमवारी मिरी आली. चंद्रशेखर साडेपाचपासून कपडे करून बसले होते. फिरणं झालं, धडे झाले, शिट्टी झाली. दहा वाजून चार मिनिटांनी त्यांनी चष्मा चढवला आणि रश्मीला मेसेज लिहिला: 'मिरीने आईची डावी चप्पल खाल्ली. नवी होती. दार मीच उघडं ठेवलं होतं. मिरी ठणठणीत आहे.' पाठवून ते फोनकडे बघत बसले.

तिच्या चहाच्या सुट्टीत उत्तर आलं. 'थँक यू फॉर टेलिंग मी. आता उजवी लपवा.'

चंद्रशेखर उठले आणि उजवी चप्पल त्यांनी फ्रिजवर नेऊन ठेवली.